बांधकाम व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा ऐतिहासिक विकास : बोरघाट ते द्रुतगती मार्ग

प्रस्तावना

रस्ते, पूल, धरणे यांसारख्या सार्वजनिक कामांचे यश केवळ आराखड्याच्या अचूकतेवर अवलंबून नसते. मनुष्यबळ, साहित्य, यंत्रसामग्री, पैसा आणि वेळ यांचा मेळ घालणे हेही तितकेच महत्त्वाचे असते. या मेळाचे शास्त्र म्हणजे बांधकाम व्यवस्थापन होय. महामार्ग व स्थापत्य कामांच्या क्षेत्रात कारकीर्द करू इच्छिणारे विद्यार्थी आज या विषयाचा स्वतंत्रपणे अभ्यास करतात. तथापि, त्याची गरज दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच स्पष्ट झाली होती. प्रस्तुत लेखात मुंबई-पुणे मार्गावरील कामांच्या आधारे या विकासाचा आढावा घेण्यात आला आहे.

बोरघाटाचा अनुभव

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे बोरघाटातील काम १८५६ मध्ये सुरू झाले. कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल याच्या अधिपत्याखालील मजुरांना वेतन उपकंत्राटदार व मुकादम यांच्यामार्फत मिळे. १८५९ च्या प्रारंभी थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगल झाली व त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीतच मरण पावला. त्यानंतर त्याची पत्नी ॲलिस हिने अभियंत्यांच्या साहाय्याने कंत्राट पुढे चालविले. १८६१ च्या जानेवारीत घाटात ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. साथीच्या रोगांत असंख्य मजूर दगावले. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. परंतु १८६७ मध्ये घाटातील एक पूल कोसळला आणि दगडी बांधकामावरील देखरेखीचा प्रश्न ऐरणीवर आला.

या सर्व अडचणी आखणीच्या नव्हत्या. वेतन, आरोग्य, गुणवत्ता व कंत्राट यांच्या नियोजनातील उणिवांमुळे त्या उद्भवल्या होत्या.

शिक्षणाची पहिली व्यवस्था

डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याची पुनर्रचना झाली. त्याच वर्षी खात्यातील कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात अभियांत्रिकी वर्ग व यांत्रिक शाळा स्थापन करण्यात आली. म्हणजेच प्रत्यक्ष कामावर देखरेख करणारा माणूस घडविणे, हा या शिक्षणाचा मूळ हेतू होता. १८६६ मध्ये संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली व स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीतुल्य अभ्यासक्रम सुरू झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच संस्थेत शिकले. मात्र पदवीची प्रतिष्ठा वाढत गेली, तसे शिक्षणाचे केंद्र कार्यस्थळावरून संकल्पनाकडे सरकले. अंदाजपत्रक व मोजमाप शिकविले जाई; मजुरांचे संघटन व कंत्राटाची हाताळणी मात्र बहुतांशी अनुभवावर सोपविली गेली.

स्वतंत्र विद्याशाखेकडे

रस्तेविकासाला संस्थात्मक रूप विसाव्या शतकात आले. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समिती (१९२७), इंडियन रोड्स काँग्रेस (१९३४) आणि नागपूर योजना (१९४३) हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत. कामांचा व्याप वाढला, तसे अनुभवाधारित व्यवस्थापन अपुरे पडू लागले. अमेरिकन नौदलाने १९५८ मध्ये पोलारिस प्रकल्पासाठी विकसित केलेल्या 'पर्ट' सारख्या नियोजनपद्धती पुढे बांधकामक्षेत्रातही रुजल्या. १९८३ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड रिसर्च ही संस्था स्थापन झाली. महामार्ग अभियंत्यांच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्थाही त्याच वर्षीची आहे.

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ मध्ये अस्तित्वात आले. त्याने उभारलेला सुमारे ९४.५ कि.मी. लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे वापरात आला. काम निरनिराळ्या कंत्राटदार कंपन्यांत विभागले गेल्याने समन्वयाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले. १९९६ मध्येच इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी केंद्रीय कायदा झाला. २०२० च्या कामगार संहितांत त्याचा विषय समाविष्ट करण्यात आला.

निष्कर्ष

बांधकाम व्यवस्थापन ही नवी विद्याशाखा वाटत असली, तरी ती १८५४ च्या मूळ हेतूकडे परतण्याचा प्रयत्न आहे. वेळापत्रक व खर्चनियंत्रण यांची साधने आज प्रगत झाली आहेत. परंतु बोरघाटातील काम १८५९ मध्ये विस्कळीत झाले, ते मजुराच्या हाती त्याचे वेतन न पोहोचल्यामुळे. म्हणून अभ्यासक्रमाची आखणी करताना कामगारांचे वेतन, आरोग्य व सुरक्षितता यांना पूरक विषय न मानता व्यवस्थापनाचा गाभा मानणे आवश्यक आहे. इतिहासाचा बोध हाच आहे.