सीआरपी वाढला, म्हणजे नेमकं काय कळलं?

मधुमेहावरच्या संशोधन प्रस्तावात एक वाक्य हमखास सापडतं : टाइप २ मधुमेहात सीआरपी वाढलेला असतो. वाक्य बरोबर आहे. पण त्यावरून काय सिद्ध होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ही गोष्ट सापडली. म्हणजे मुळात ही जंतुसंसर्गाची खूण. साखरेशी तिचा संबंध लागायला साठेक वर्षं गेली. १९९३ मध्ये हॉटामिसलिगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा रेणू दाखवला. तो रोखला की इन्सुलिन जास्त चांगलं काम करत होतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या महिलांच्या अभ्यासात दिसलं, की पुढे ज्यांना मधुमेह झाला त्यांचा सीआरपी आणि आयएल-६ आधीपासूनच जास्त होता.

आता आपल्या पुण्याकडे या. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष तपासले. निष्कर्ष २००८ मध्ये आले : शहरात चरबी जास्त आणि दाहाचे मार्करही जास्त. मग साखर कशामुळे वाढते, दाहामुळे की चरबीमुळे? दोन्ही मोजल्याशिवाय हा प्रश्न विचारताच येत नाही.

पुढचा धडा २०१७ चा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या औषधाने सीआरपी उतरला, हृदयाचे पुढचे धोकेही काही प्रमाणात कमी झाले. पण नव्याने मधुमेह होणं काही थांबलं नाही! म्हणजे गुंतागुंतीत दाहाची भूमिका वेगळी आणि आजार सुरू होण्यात वेगळी असू शकते.

आता समजा, तुम्ही ताडकळससारख्या गावात नमुने घेताय. पायाची जखम, सुजलेल्या हिरड्या, परवाचा ताप, तंबाखू, यातलं काहीही सीआरपी वाढवू शकतं. म्हणून हे आधी विचारा, कंबर मोजा. आकडा १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला, तर संसर्ग आहे का ते बघा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. आणि एकदाच रक्त घेतलं असेल, तर निष्कर्षात 'संबंध आढळला' एवढंच लिहा. 'कारण' हा शब्द लिहायला रुग्णांमागे काही वर्षं जावं लागतं.