शत्रूच झाला खाऊ : रोटिफरची गोष्ट

मागच्या वेळी आपण आर्टेमियापाशी थांबलो होतो. 1933 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲल्विन सील यांनी आणि 1939 मध्ये नॉर्वेत रोलेफसेन यांनी दाखवून दिलं, की मिठागरातल्या या जिवाची नुकती फुटलेली पिल्लं माशांच्या पिल्लांना उत्तम खाद्य म्हणून चालतात. अंडी वाळवून डब्यात भरा, पुढच्या वर्षी खाऱ्या पाण्यात टाका, दिवसाभरात जिवंत खाद्य तयार! मग डब्यातलं ते अंडं जिवंत म्हणायचं की नुसतं टिकवलेलं? माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हा प्रश्न पडतो. मत्स्यबीज केंद्रातल्या माणसाला तेवढी सवड नसते.

त्याची अडचण वेगळीच होती. तोंडाची! समुद्रातल्या बऱ्याच माशांचं पिल्लू इतकं चिमुकलं असतं, की अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं आर्टेमियाचं पिल्लूसुद्धा त्याच्या तोंडात मावत नाही. अंगावरच्या पिशवीतला बलक थोड्याच दिवसांत संपतो. तोवर समोर योग्य मापाचं, हलणारं काही आलं नाही, तर कारभार आटोपला.

उत्तर मिळालं जपानात, तेही गुन्हेगाराच्या घरात. ईल माशांच्या तळ्यांतलं हिरवं पाणी मधूनच रंग बदलायचं. सूक्ष्म शेवाळ नाहीसं व्हायचं, प्राणवायू घटायचा, ईल हैराण. शेवाळ फस्त करणारा प्राणी होता रोटिफर, डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखा दिसणारा. ताकाशी इतो यांनी 1960 मध्ये हाच रोटिफर समुद्राच्या पाण्यात वाढवण्याची रीत मांडली आणि 'आयु' माशाच्या पिल्लांना तो खाऊ घातला. तळेवाले ज्याच्या नावानं बोटं मोडत, त्याच्यासाठी पुढे खास टाक्या बांधल्या गेल्या.

इथवर सगळं गोड. पण रोटिफरला लागतं शेवाळ, आणि शेवाळाला लागते जागा, ऊन, मेहनत. मग बेकरीतलं यीस्ट घालून पाहिलं. स्वस्त, सोपं, रोटिफर भराभर वाढले. आणि ते खाणारी सी-ब्रीमची पिल्लं मेली! पोटं भरलेली, बरं का. उपासमार म्हणावी तर तीही नाही.

ताकेशी वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून या कोड्याचा पिच्छा पुरवला. समुद्री माशांच्या पिल्लांना ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं बाहेरूनच मिळावी लागतात. यीस्टमध्ये ती नाहीत, समुद्री शेवाळात आहेत. रोटिफर ही नुसती पिशवी: तिनं जे खाल्लं, तेच पिल्लाला मिळणार. जिवंत खाद्य म्हणजे पूर्ण अन्न, असं आपण धरून चाललो होतो. तिथेच चूक होती, असं मला वाटतं.

तेव्हापासून रोटिफरला आधी माशाचं तेल मिसळलेलं खाद्य देतात आणि मगच पिल्लांपुढे सोडतात. तेही लगेच. उशीर केला, तर तो ते तेल स्वतःच पचवून बसतो.