विना-लायसन्सची ई-बाईक पादचाऱ्याला धडकली तर जबाबदार कोण?

लोणी, मंचर, घोडेगाव या आमच्या पट्ट्यात बॅटरीवरच्या दुचाक्या आता बऱ्याच घरांत दिसतात. शाळा, मकतब, दूध घालणे, मळ्यावर डबा पोचवणे, सगळी कामे तिच्यावरच. पालकांशी बोलताना एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येते, "सर, हिला लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही, म्हणजे केसचा प्रश्नच नाही." यातला पहिला भाग काही गाड्यांपुरता खरा आहे. दुसरा साफ चुकीचा आहे, आणि तो घराला महागात पडू शकतो.

आधी गाडी कोणती ते बघावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे (आपल्या पुण्यातली एआरएआय त्यातलीच एक) प्रमाणपत्र असेल, तरच ती गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. तिला लायसन्स, नंबर, विमा लागत नाही. यावरची प्रत्येक ई-बाईक कायद्याने पेट्रोलच्या स्कूटीसारखीच. २०२१ साली केंद्राने इलेक्ट्रिक गाड्यांची नोंदणी फी माफ केली, त्यावरून अनेकांनी नोंदणीच माफ झाली असे धरले. माफ झाली ती फी. एमएच-१४ ची पाटी लावावीच लागते.

खरा घोळ मधल्या गाड्यांचा. कागदावर २५ चा वेग, आणि विकत घेतल्यावर स्पीडलॉक काढून ४०-४५ ने पळणारी गाडी. राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्येच अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाईचे आदेश दिले होते. लॉक काढले की सवलत गेली. मग तीच गाडी विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते, दुकानदार काहीही सांगो.

आता धडक झाली असे धरू. फौजदारी कायदा गाडीला नंबर आहे का हे विचारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये 'कोणतेही वाहन' बेदरकारपणे चालवणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. कुणाला गंभीर दुखापत झाली, हाड मोडले, तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत. माणूस दगावला तर कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद. ही कलमे २५० वॅटच्या गाडीलाही लागतात, एवढेच काय, साध्या सायकललाही.

"आवाज आला नाही म्हणून चाचा मध्ये आले" ही सबब आम्ही ऐकतो. बेल्हे-जेजुरी रस्त्यावर लोणीत काय किंवा मंचरच्या गल्लीत काय, फजरच्या अंधारात मशिदीला पायी निघालेले बुजुर्ग कानाने रस्ता ओळखतात. आपली गाडी बिनआवाजी आहे हे चालवणाऱ्याला माहीत असते. म्हणून हॉर्न, दिवा आणि कमी वेग ही जबाबदारी त्याचीच जास्त. पादचाऱ्याचीही चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते. पण अगदी लहान मुलाच्या बाबतीत न्यायालये ही चूक सहसा धरत नाहीत.

पैशाची बाजू लोकांना सगळ्यात कमी ठाऊक आहे. मोटार वाहनाची धडक असेल तर जखमीचे घर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकते, तेही स्वतः राहतात त्या भागातल्या. अर्जाला मुदत अपघातापासून सहा महिने. चूक कुणाची हे सिद्ध न करता घ्यायची रक्कम मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. चूक सिद्ध करून त्याहून जास्त मागता येते. विमा असेल तर विमा कंपनी भरते. नसेल तर मालक भरतो, आणि न भरल्यास ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे सातबाऱ्यापर्यंत गोष्ट जाते. तीन किलोवॅटपर्यंतच्या इलेक्ट्रिक दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात ४५७ रुपये अधिक कर इतका होता.

खऱ्या २५० वॅटच्या गाडीला विमा नाही आणि न्यायाधिकरणही नाही. जखमीला दिवाणी दावा लावावा लागतो, तो हळू चालतो. पण हुकूम झाला तर सगळी रक्कम चालवणाऱ्याच्या खिशातून. मागे कुणी उभे नाही.

चालवणारा अठरा वर्षांखालचा असेल तर? मोटार वाहन कायद्याचे कलम १९९अ अब्बांना किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरते: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी एक वर्षासाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. 'मला माहीत नव्हते' हे पालकालाच सिद्ध करावे लागते. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर प्रकरणात मुलगा अल्पवयीन होता आणि वडिलांना अटक झाली, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. ती मोठी मोटार होती, पण लॉक काढलेल्या स्कूटीलाही कलम १९९अ तसेच लागते.

आपल्याकडे बहुतेक प्रकरणे चार माणसे बसवून मिटतात. जखमीच्या घरचे "अल्लाहची मर्जी" म्हणून गप्प बसतात. सब्र मोठी गोष्ट आहे, पण सूरह निसाची ९२ वी आयत चुकून झालेल्या हत्येतही वारसांच्या भरपाईची बात करते. हक्क मागणे म्हणजे बेसब्री नाही. कायद्याच्या अंगाने सांगायचे तर गावातल्या कागदाने गुन्हा मिटत नाही. दुखापतीच्या गुन्ह्यात तडजोडीला न्यायालयाची परवानगी लागते, मृत्यूच्या गुन्ह्यात ती वाटही नाही. उलट पाच-दहा हजार घेऊन 'तक्रार नाही' असे लिहून दिले की पुढे तोच कागद जखमीच्या दाव्याच्या आड येतो. पाय मोडलेल्या माणसाला सहा महिने कामावर जाता येत नाही, याचा हिशोब त्या बैठकीत कुणी करत नाही.

धडक दिल्यावर पळू नये. जखमीला दवाखान्यात नेणे आणि चोवीस तासांत पोलिसांना कळवणे हे चालकाचे कायदेशीर काम आहे. मोटार वाहनाच्या अपघातात जखमीला मे २०२५ पासूनच्या केंद्रीय योजनेत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात. ११२ वर फोन करावा. मदत करणाऱ्या तिसऱ्या माणसाला नाव सांगायची सक्ती नाही, म्हणून घाबरून बाजूला होऊ नये. चालक पळालाच आणि गाडीही सापडली नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयाकडे.

आणि जुनी गाडी घेणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी एक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की आरसीवर ज्याचे नाव, तोच भरपाईपुरता मालक, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून फिरलेली असो. विकलेल्या स्कूटीची आरसी अजून आपल्याच नावावर असेल तर ती आधी बदलून घ्या.