दूध, समुद्र आणि भिंतीची ओल

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न कधी ना कधी समोर येतोच: "तुमचा रिझल्ट दुसऱ्याच कुठल्या कारणाने आलेला नाही, हे कशावरून?" पुस्तकात याला 'पर्यायी गृहीतक तपासणे' म्हणतात. ते शिकायला परदेशी शोधनिबंधच वाचायला हवेत असं नाही. आपल्या मुंबईत गेल्या तीसेक वर्षांत घडलेल्या तीन घटना पुरेशा आहेत. तिन्हींच्या मुळाशी पाणी (किंवा दूध) आहे आणि तिन्हींमध्ये लोकांची श्रद्धा गुंतलेली होती.

१९९५: चमच्यातलं दूध

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणेशोत्सव संपून पितृपंधरवडा चालू होता. पहाटे दिल्लीतल्या एका देवळातून बातमी निघाली की गणपती दूध पितो. देशात मोबाइल सेवा सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते, तरी दुपारपर्यंत मुंबईसह सगळीकडे देवळांपुढे रांगा लागल्या. बातमी पार लंडनच्या साउथॉलपर्यंत गेली.

लोक खोटं बोलत होते का? अजिबात नाही. चमचा सोंडेला लावला की दूध खरंच कमी होत होतं. निरीक्षण बरोबर होतं, प्रश्न होता कारणाचा.

काठोकाठ भरलेल्या चमच्याकडे नीट बघा. दुधाचा पृष्ठभाग काठाच्या किंचित वर फुगलेला दिसतो. पृष्ठताणामुळे तो तसा टिकून राहतो. हा फुगवटा ओल्या दगडाला टेकला की दूध दगडाला चिकटतं, चमच्याबाहेर ओढलं जातं आणि मग गुरुत्वाकर्षणाने मूर्तीवरून खाली ओघळतं. एका छोट्या चमच्यात साधारण ५ मिलिलिटर दूध मावतं. ते ०.१ मिलिमीटर जाडीच्या थरात पसरलं तर ५०० चौरस सेंटिमीटर जागा व्यापतं, म्हणजे ए-४ कागदापेक्षा थोडीशीच कमी. पांढऱ्या संगमरवरावर इतका पातळ पांढरा थर कोणाला दिसणार?

हे झालं गृहीतक. केंद्र सरकारच्या विज्ञान प्रसाराच्या परिषदेतल्या वैज्ञानिकांनी ते तपासायला दुधात रंग मिसळला. रंगीत दूध मूर्तीवरून खाली उतरताना सर्वांना दिसलं. इथे थांबून विचार करा. दूध मूर्तीच्या आत जात असेल तर बाहेर रंग दिसायला नको, आणि बाहेरून ओघळत असेल तर दिसायलाच हवा. दोन गृहीतकांची दोन वेगळी भाकितं, आणि त्यांचा निवाडा करणारा एक चिमूटभर रंग. इतका स्वस्त आणि इतका चोख प्रयोग क्वचितच सापडतो.

२००६: माहीमचं 'गोड' पाणी

१८ ऑगस्ट २००६च्या संध्याकाळी माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. जवळच मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे, त्यामुळे अनेकांना ही बाबांची कृपा वाटली. लोक पाणी प्यायले, बाटल्या भरून घरी घेऊन गेले. ते पिऊ नका, असं प्रशासन कळकळीने सांगत होतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा, आणि माहीमच्या खाडीत मिठी नदी येऊन मिळते. जमिनीवरून किंवा खडकाच्या भेगांतून भरपूर गोडं पाणी आलं, तर ते लगेच ढवळून मिसळत नाही. हलकं असल्यामुळे काही काळ वर तरंगतं, आणि ओंजळीत येतं ते हेच वरचं पाणी. खडकात साठलेलं पावसाचं पाणी बाहेर पडलं असावं, असं आयआयटी मुंबईच्या भूवैज्ञानिकांनी तेव्हा सुचवलं होतं.

मात्र इथला धोका दुधापेक्षा मोठा होता. जिभेला क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. शहराचं सांडपाणी ज्या खाडीत जातं तिथलं पाणी लोक लहान मुलांना पाजत होते. म्हणून 'असेल कोणाची श्रद्धा, आपल्याला काय' असं म्हणून दर वेळी गप्प बसता येत नाही.

२०१२: इर्ल्याचा क्रूस

तिसरी घटना अंधेरी आणि पार्ल्याच्या सीमेवरची. मार्च २०१२मध्ये इर्ल्याच्या वेलंकणी माता चर्चबाहेरच्या क्रूसावर, येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. भाविक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले. इंडियन रॅशनॅलिस्ट असोसिएशनचे अध्यक्ष सनल एडामारुकू १० मार्चला तिथे गेले. त्यांनी ओलीचा माग काढला आणि सांगितलं की जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढतंय.

पाणी वर कसं चढेल? जेम्स ज्युरिन यांनी १७१८मध्ये दाखवलं की नळी जितकी बारीक तितकं पाणी जास्त उंच जातं. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या छिद्रात ते जवळजवळ दीड मीटर चढू शकतं, आणि विटा-सिमेंटमध्ये अशी छिद्रं असंख्य असतात. तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायलाच नको. मुलुंड असो की बोरिवली, जुलैमध्ये भिंत जमिनीपासून वर वर ओल धरते, रंगाचे पोपडे निघतात, ते याच नियमाने.

पण चर्चा पाण्यावर राहिली नाही. टीव्हीवरच्या वादात विषय थेट धर्मसंस्थेवर गेला, माफीची मागणी झाली आणि भारतीय दंड संहितेच्या कलम २९५अ खाली तक्रारी दाखल झाल्या. त्याच वर्षी एडामारुकू फिनलंडला गेले. ओल कुठून येते या प्रश्नाचा शेवट देश सोडण्यात झाला. आपल्या राज्यघटनेच्या ५१अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे, हे लक्षात घेतलं की ही गोष्ट जास्तच बोचते.

मग श्रद्धेचं काय?

हा प्रश्न मला माझे ज्युनिअर नेहमी विचारतात. माझ्या घरी गणपती बसतो, मी आरतीला टाळ घेऊन उभा असतो आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये थेंबांचे संपर्ककोन मोजतो. मला यात अडचण वाटत नाही, कारण रंगीत दुधाच्या प्रयोगाने एवढंच सिद्ध केलं की दूध बाहेरून ओघळलं. देव आहे की नाही, हे त्या प्रयोगाने मोजलेलंच नव्हतं. जेवढं मोजलं तेवढंच बोलावं, ही शिस्त भाविकाइतकीच आपल्यालाही लागू आहे. आणि ज्या बाईने १९९५मध्ये तासभर रांगेत उभं राहून चमचा पुढे धरला, तिची भक्ती पृष्ठताणावर उभी नव्हती. पृष्ठताण समजल्याने ती पडायचंही कारण नाही.

मात्र उलट बाजूही तितकीच स्पष्ट ठेवा. 'श्रद्धेचा विषय आहे' म्हणून प्रश्नच विचारू नका, असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका. पाणी कुठून आलं हा प्रश्न देवळातही भौतिकशास्त्राचाच असतो, दर्ग्यातही आणि चर्चमध्येही.

आता एक गृहपाठ. इर्ल्याला तुम्ही असता तर काय केलं असतं? माझं उत्तर: सगळ्यांची परवानगी घेऊन गटाराच्या पाण्यात रंग टाकला असता, मग गटार मोकळं करून ठिबक थांबते का ते काही दिवस पाहिलं असतं, आणि हे सगळं भाविकांसोबत उभं राहून केलं असतं. तुमचा प्रयोग यापेक्षा चांगला असेल तर वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत 'कशावरून?' विचारलं की तिथूनच बोलायला सुरुवात करा.