तळटीप ३ : सेवर्ड लकेट

३. सेवर्ड : अमेरिकन कादंबरीकार कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबरीत्रयीची (१९४०, १९४६, १९५०) नायिका. तिसऱ्या खंडास १९५१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. धारवाडनिवासी जी. ए. कुलकर्णी यांनी ही त्रयी ‘रान’, ‘शिवार’ व ‘गाव’ या नावांनी मराठीत आणली. मूळ मजकुराच्या लेखिकेने इचलकरंजीच्या आपटे वाचन मंदिरातून आणलेली पुस्तके ती हीच. आई क्षयाने गेली, धाकटी बहीण अरण्यात हरवली, बाप परागंदा झाला, तरीही ओहायोच्या निबिड रानात भावंडांना पोसून, कुऱ्हाडीने वृक्ष पाडून जमीन वहितीखाली आणणाऱ्या या निरक्षर पोरीचा अढळ निश्चय, शेती व माग यांवर संसार तोलणाऱ्या घरातील या लेखिकेस परका वाटला नाही, हे स्वाभाविकच होय. उतारवयात ती दारी पुन्हा झाडे लावते. मूळ मजकुरातील रोपांचा उल्लेख त्या प्रसंगास अनुलक्षून आहे.