पंच, कमिटी आणि विश्वस्त : सोलापुरातील देवस्थान-निधीच्या देखरेखीविषयी

सोलापूर येथील श्रीसिद्धेश्वर देवस्थानाचा कारभार पाहणारी संस्था 'पंच कमिटी' ह्या नावाने ओळखली जाते. शब्दार्थाच्या दृष्टीने हे नाव पुनरुक्त आहे. 'पंच' ह्या पदाने जे सांगावयाचे तेच 'कमिटी' ह्या पदाने पुन्हा सांगितले आहे. भिन्न भाषांतील समानार्थी शब्दांची अशी जोडणी मराठीस नवी नाही. 'कागदपत्र', 'धनदौलत', 'रीतिरिवाज' हे समास ह्याच जातीचे होत. बहुभाषी समाजात एका गटाचा शब्द दुसऱ्यास उमगावा ह्या गरजेतून असे जोडशब्द रुळतात, आणि कानडी, मराठी, तेलुगू व दखनी ह्या चार भाषा पिढ्यानपिढ्या शेजारी नांदत असलेल्या सोलापुरात तसे घडले तर नवल नाही. परंतु 'पंच' आणि 'कमिटी' ही पदे खरोखर एकार्थी आहेत काय? समाजाने साठविलेल्या द्रव्याचा हिशेब कोणी ठेवावा आणि तो कोणाला द्यावा, ह्या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे ह्या दोन शब्दांत दडलेली आहेत, असे दिसते.

सिद्धेश्वराच्या परंपरेचा आरंभच एका सार्वजनिक कामापासून होतो. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे बसवेश्वर व अल्लमप्रभू ह्यांचे समकालीन. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही त्यांच्या वचनांतील अंकितमुद्रा होय. सोन्नलगी ह्या गावी, म्हणजे आजच्या सोलापुरात, त्यांनी 68 लिंगांची स्थापना केली व तळे खोदविले, असे परंपरा सांगते. राघवांकाच्या तेराव्या शतकातील कानडी काव्यात त्यांचे चरित्र आले आहे. पुढे 'शून्यसंपादने' ह्या ग्रंथात अल्लमप्रभू त्यांना प्रथम भेटतात तो प्रसंगही तळ्याच्या कामावरचाच. माती उपसणाऱ्या मजुरांत अल्लमप्रभू सिद्धरामांना 'ओड्ड' म्हणून पुकारतात, आणि शिष्यांचा राग अनावर होतो. ओड्ड म्हणजे माती-दगडाचे काम करणारा वडार. वडार व भोवी समाजात सिद्धरामेश्वरांविषयी जी आत्मीयता आहे, तिला ही कथा पोषकच ठरली. ह्या कथेत ऐतिहासिक अंश किती, हा येथील विषय नव्हे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की ह्या देवस्थानाच्या स्मृतीत देऊळ आणि तळे ही जोडी अविभाज्य आहे, आणि तळे ही वस्तू स्वभावतःच एकट्याच्या मालकीची असू शकत नाही. ते गाळाने भरते, बांध खचतो. दरवर्षी कोणीतरी खर्च करावा लागतो. रक्षणाचा निधी हा प्रश्न तळ्याबरोबरच जन्मास येतो.

असा निधी जुन्या काळी कोण पाही? 'पंच' ह्या शब्दाचा मराठीतील प्रवास येथे उपयोगी पडतो. मूळ संख्यावाचक असलेले हे पद लवकरच संख्येपासून सुटले; एकटा मनुष्यही 'पंच' होऊ शकतो, आणि पोलिसांच्या पंचनाम्यात दोन पंचांवर काम भागते. उरला तो आशय असा की, पंच म्हणजे ज्याच्या समक्ष गोष्ट घडली तो. मराठेशाहीतील गोतसभांच्या महजरांत निवाड्याखाली उपस्थितांच्या खुणा येतात. ज्यास अक्षर येत नाही तो कुणबी नांगराची निशाणी करी, वाणी तराजूची. अधिकार पदाचा नव्हता, हजेरीचा होता. पंचांनी हिशेब द्यावयाचा तो, ज्यांच्यापासून द्रव्य आले त्यांच्यासमोर, त्याच गावात, बहुधा तोंडी. ह्या पद्धतीचे गौरवीकरण मात्र नको. सभेस कोणाला बसता येई आणि कोणाला दूर उभे राहावे लागे, हे महजरांच्या निशाण्यांवरूनच कळते. ज्यांची निशाणी नाही त्यांना हिशेबही नव्हता.

पेठेतील व्यापाऱ्यांजवळ ह्याहून निराळा एक निधी असे, तो धर्मादाय. प्रत्येक सौद्यामागे ठराविक रक्कम धर्मकार्यासाठी कापून ठेवण्याची ही रीत पश्चिम हिंदुस्थानातील व्यापारी पेठांत सर्वत्र रूढ होती. 1860 साली रेल्वे आली, 1877 साली पहिली कापडगिरणी निघाली आणि सोलापूर ही सुताची व कापडाची मोठी पेठ बनली. 'आदाय' म्हणजे घेणे, प्राप्ती. धर्मासाठी देणे ह्या कल्पनेला मराठीने घेण्याच्या अंगाने नाव दिले, ही गोष्ट सूचक आहे. देणारा गिऱ्हाईक असतो. घेऊन ठेवणारा व्यापारी असतो. आणि पुण्य कोणाच्या खाती पडावयाचे, ह्याविषयी वहीत काही लिहिलेले नसते.

इंग्रजी अमलात ह्या निधींकडे पाहण्याची दृष्टी बदलली. 1863 च्या विसाव्या कायद्याने सरकारने देवस्थानांच्या कारभारातून अंग काढून घेऊन स्थानिक कमिट्या नेमण्याची तरतूद केली, परंतु तिचा भर बंगाल व मद्रास इलाख्यांवर होता. मुंबई इलाख्यात ती मुख्यतः कानडा जिल्ह्यापुरती आली. तथापि 'देवस्थान' आणि 'कमिटी' हे दोन शब्द कायद्याच्या भाषेत एकत्र आले ते त्या सुमारास. मुंबईकडे तक्रारीचा मार्ग दिवाणी कोर्टाचा होता. 1877 च्या दिवाणी व्यवहार संहितेचे कलम 539 आणि नंतर 1908 च्या संहितेचे कलम 92 ह्यांअन्वये, हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींनी महाधिवक्त्याची लेखी संमती मिळवून दावा लावावयाचा. सोलापुरातील भाविकाने आधी अधिकाऱ्याची संमती आणावी, मग आपल्या गावच्या देवाच्या पैशाचा हिशेब मागावा, असा हा द्राविडी प्राणायाम होता. 1935 साली मुंबई इलाख्यात नोंदणीचा व हिशेबतपासणीचा कायदा झाला, आणि 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम हा ह्या वाटचालीचा परिपाक होय. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो.

ह्या अधिनियमाने 'विश्वस्त' हे पद पंचाच्या जागी आणले. विश्वस्ताने दरवर्षी हिशेब बंद करावा, त्याची तपासणी करून घ्यावी, पैसा ठराविक प्रकारच्या बँकांत व रोख्यांतच गुंतवावा. स्थावर मिळकत विकावयाची किंवा ठराविक मुदतीपलीकडे भाड्याने द्यावयाची तर कलम 36 अन्वये धर्मादाय आयुक्ताची पूर्वपरवानगी घ्यावी. कलम 54 ने व्यापाऱ्यांचा जुना धर्मादायही कायद्याच्या कक्षेत ओढला. सौद्यात कापलेली रक्कम कापणाऱ्याकडे विश्वस्त ह्या नात्याने राहते, आणि वर्षअखेरीनंतर तीन महिन्यांत तिचा हिशेब धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे, असे ते कलम म्हणते. इंग्रजी मसुद्यात हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे. पेठेतील बोली संज्ञा कायद्याने उचलावी आणि मराठीत त्याच शब्दावरून आयुक्ताचे पदनाम घडावे, हे शब्दाचे मोठेच भाग्य. कचेरीची बोली मात्र अजूनही मिश्र आहे. तेथे विश्वस्तांतील फेरबदलाचा अर्ज 'चेंज रिपोर्ट' आणि व्यवस्थेची योजना 'स्कीम' ह्याच नावाने चालते.

हिशेब मागणारा कोण, हा प्रश्न अधिनियमाने उदारपणे सोडविला. देवळाच्या बाबतीत, तेथील पूजेस हजर राहण्याचा ज्याला हक्क आहे किंवा जो हजर राहत असतो, तो 'हितसंबंधी व्यक्ती' होय. ह्या व्याख्येने सोलापूरच्या यात्रेस येणारे लाखो लोक हितसंबंधी ठरतात. गोतसभेत ज्यांची निशाणी नव्हती त्यांनाही येथे स्थान मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु दावा लावावयाचा तर संमती आलीच, फक्त महाधिवक्त्याच्या जागी धर्मादाय आयुक्त आला. पंचाचे तोंड वर्गणीदाराकडे होते. विश्वस्ताचे ते कचेरीकडे वळले.

सरकारचा हात कोठवर पोहोचावा, हे 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. रतिलाल पानाचंद गांधी ह्यांच्या खटल्यात नोंदणी, हिशेबतपासणी व विश्वस्तव्यवस्थांकडून घ्यावयाची वर्गणी ह्या गोष्टी ग्राह्य ठरल्या. परंतु धार्मिक संस्थेवर आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसविणे, किंवा मूळ उद्देश पार पडण्याजोगा असताना निधी दुसरीकडे वळविणे, हे न्यायालयास मान्य झाले नाही. त्याच वर्षीच्या शिरूर मठाच्या निर्णयात (हे शिरूर उडुपीचे, पुणे जिल्ह्यातील नव्हे) आणखी एक भेद केला गेला. कोणता विधी करावा हे संप्रदायाने ठरवावे. त्यावर खर्च किती व्हावा हा मात्र मिळकतीच्या व्यवस्थेचा भाग आहे.

हा भेद कागदावर सोपा दिसतो. त्याची कसोटी सोलापूर जिल्ह्यातच पंढरपुरास लागली. तेथे विधीचा मान आणि द्रव्याची वसुली ही दोन्ही बडवे व सेवाधारी ह्यांच्या वंशपरंपरागत हक्कांत गुंफलेली होती. देवापुढील उत्पन्न घेण्याचा हक्क बडव्यांत लिलावाने दिला जाई. नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर पंढरपूर मंदिरे अधिनियम, 1973 ह्याने हे हक्क संपुष्टात आणले, मंदिर शासननियुक्त समितीकडे गेले, आणि बडव्यांचे अपील जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. जेथे मान व पैसा एकाच हाती होते, तेथे पैशाचा हिशेब मागताच मानही गेला.

सोलापुरात ह्या दोहोंची वाटणी निराळी आहे. संक्रांतीच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, विधीचा पहिला मान उत्तर कसब्यातील हिरेहब्बू घराण्याकडे आहे. सात नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे विभागलेले आहेत. होम मैदानावर दुकाने, पाळणे व खेळांचे तंबू ह्यांस जागा देणे, यात्रेचा जमाखर्च ठेवणे, देवळाची देखभाल करणे ही कामे कमिटीची. मान वाटलेला आणि हिशेब एकत्र, ही रचना कोणी योजून केली असे म्हणता येत नाही; पण पंढरपूरचा मार्ग सोलापुरास चालावा लागला नाही, ह्याचे एक कारण तिच्यात शोधण्यास जागा आहे. ह्या वाटणीचे पडसाद भाषेतही उमटले आहेत. विधींची नावे कानडी राहिली : 68 लिंगांच्या तैलस्नानाचे 'यण्णीमज्जन' (यण्णी म्हणजे तेल), समाप्तीची 'कप्पडकळ्ळी', आणि 'हिरे' म्हणजे थोरला हे पद धारण करणारे आडनाव. व्यवस्थेची नावे मात्र मराठी, फार्सी व इंग्रजी आहेत : जमाखर्च, भाडेपट्टा, पावती, ऑडिट.

रक्षणाच्या निधीची अडचण ह्याच सांध्यावर येते. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत जमिनी, इमारती, दागिने व ठेवी लिहिल्या जातात. शेजारचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पण नंदीध्वजाचा मान ही नोंदवहीच्या रकान्यात बसणारी मिळकत नव्हे. उंच वेळू सजविणे, तो तोलून धरणाऱ्या तरुणांनी आधी सराव करणे, ठरल्या वाटेने एकेका लिंगाशी थांबणे, ह्याचे ज्ञान त्या त्या समाजातच राहते, आणि त्यावरील खर्चाचा पुष्कळ भाग घरोघरच्या खिशातून जातो. तो कोणत्याही ताळेबंदात येत नाही. म्हणून केवळ ताळेबंद वाचणाऱ्यास यात्रेचे रक्षण स्वस्तात होते असा भास होतो. नंदीध्वजांच्या खर्चासाठी निधीतून रक्कम मंजूर केली तर ती तपासणीस पात्र होते. न केली तर परंपरा मानकऱ्यांच्या ऐपतीवर सोपविली जाते.

भोगीच्या दिवशी योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाचे स्मरण म्हणून अक्षता पडतात, ती जागा 'संमती कट्टा' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. 'कट्टा' हे कानडी 'कट्टे'चे मराठी रूप, 'संमती' हे संस्कृत. तेथे मंगलाष्टकांच्या जागी 'संमती' वाचली जाते आणि तिच्या प्रत्येक विरामाला जमलेला समुदाय अक्षता टाकतो. महाधिवक्त्याची, आणि नंतर आयुक्ताची, जी संमती कायद्याने आवश्यक केली, तिच्यासाठी मराठीत शब्द मात्र हाच वापरला जातो.