ताहा हुसैन यांची शाळा

दृष्टी अधू असलेला, मधुमेहाचा किंवा फिट येणारा विद्यार्थी वर्गात असला की आपण शिक्षक सहज म्हणून जातो, 'जिद्द असेल तर सगळं जमतं.' अशा वेळी मला इजिप्तचे थोर अरबी साहित्यिक ताहा हुसैन आठवतात.

त्यांचा जन्म १८८९ साली मिन्या प्रांतात झाला. लहानपणी डोळे आले, गावच्या न्हाव्याने उपचार केला आणि दृष्टी गेली. वयाची नऊ वर्षं पूर्ण होण्याआधीच मकतबमध्ये त्यांनी कुरआन पाठ केलं. वडील कौतुकाने 'शेख' म्हणू लागले. पण उजळणीच राहिल्याने एकदा वडिलांनी सूरह शुअरा म्हणायला सांगितली, तेव्हा सुरुवातीलाच ते अडले. ती लाज ते विसरले नाहीत.

'अल-अय्याम' या आत्मकथेत जेवणाचाही एक प्रसंग आहे. त्यांनी दोन्ही हातांनी घास उचलला. भावंडं हसली, आई रडली, वडिलांनी शांतपणे समजावलं. वाईट कुणीच वागलं नव्हतं. तरीही सांडण्याची भीती असलेले पदार्थ मुलाने सोडले आणि तो एकटा जेवू लागला. मुलगा गप्प झाला म्हणजे त्याने सोसायला शिकलं, असं आपण समजतो. इथे तर तो मिटत चालला होता.

१९०२ साली ते थोरल्या भावाबरोबर काहिरात अल-अझहरला गेले. तिथे अंध विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय होती. पण प्रवेशाच्या परीक्षेत परीक्षकांनी त्यांना नावाने नव्हे, 'आंधळा' म्हणून बोलावलं. घरी हा शब्द जपून टाळला जाई. परीक्षेत ते पास झाले, पण तो शब्द मनात रुतला.

पुढे अल-अझहरची अंतिम पदवी त्यांना मिळाली नाही. मात्र १९०८ साली सुरू झालेल्या नव्या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट १९१४ साली त्यांनीच मिळवली. विषय होता अबुल अला मअर्री, देवीच्या रोगात लहानपणी दृष्टी गमावलेले कवी. त्यानंतर ते फ्रान्सला गेले. तिथे सुझान त्यांना पुस्तकं वाचून दाखवू लागल्या. पुढे दोघांचा विवाह झाला. सोरबोन विद्यापीठात त्यांनी इब्न खल्दूनवर प्रबंध लिहिला. १९५० साली शिक्षणमंत्री झाल्यावर त्यांनी माध्यमिक शाळांची फी रद्द केली.

जिद्द त्यांची होतीच. पण कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय ती पुस्तकापर्यंत पोहोचली नसती.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, परीक्षेला लेखनिकही मिळतो. पण वर्षभर वर्गात त्या मुलाला हाक आपणच मारतो. हजेरीपटावर त्याचं नाव लिहिलेलं आहे, त्याच नावाने मारावी. आणि तो डबा एकटा खात असेल, तर एकदा त्याच्याजवळ जाऊन बसावं.